काशीरामचा डायलॉग

गुहागरच्या किनाऱ्यावर शूटिंग चाललं होतं, आणि ऐन वेळी दिग्दर्शकाने काशीरामचा डायलॉग कापला. अख्ख्या सिनेमात त्याला एकच वाक्य होतं. 'तुला आधीच माहीत होतं.' तेवढंच. तेही गेलं.

पंधरा दिवस तो ते घोकत होता. पाठ होत नव्हतं म्हणून नव्हे, ते त्याचंच होतं म्हणून. आंब्याच्या कारखान्यात बावीस वर्षं राबून मिळालेले शेअर तो विकायला निघाला, तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, थांब, दुप्पट होतील. स्वतःचे मात्र त्याने आदल्याच आठवड्यात विकले होते. कारखाना बंद पडणार हे त्याला ठाऊक होतं. पुढे मॅनेजर पुण्याला निघून गेला, आणि काशीरामचं बोलायचं राहिलं ते राहिलंच.

सिनेमाची गोष्टही तीच. हीरो शेअर दलाल, आतली बातमी, गाव बुडालं. पण कसलं काय! हीरो देखणा, गाडी लालभडक, आणि बुडालेला माणूस, म्हणजे काशीराम, पडद्यावर जेमतेम अर्धा मिनिट. काका असं बोलले तर हीरो लोकांच्या मनातून उतरेल, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. त्यापेक्षा हीरो रडेल आणि काकांनी त्याला पोटाशी धरायचं. बुडवणाऱ्याने रडायचं आणि बुडालेल्याने डोळे पुसायचे, हा कुठला न्याय!

"पण बुडालो मी ना?" काशीरामने विचारलं.

"काका, तुम्ही मोठ्या मनाचे आहात," दिग्दर्शक म्हणाला.

काशीरामचं डोकं भणभणलं. उठून जावं, तर समोर त्याची बायको गोदा ठेवणीतली साडी नेसून उभी, आणि तिच्याभोवती अर्धी वाडी. नवरा सिनेमात बोलणार हे तिने घरोघर सांगितलेलं.

कॅमेरा सुरू झाला. हीरो गुडघे टेकून हुंदके देऊ लागला. काशीरामने हात मागे बांधले आणि तो इतक्या मोठ्याने बोलला, की वाडीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"तुला आधीच म्हाईत होतं. आमाला थांब म्हणालास, नि स्वतः विकून मोकळा झालास."

हीरो कसलेला गडी, त्याने उठून काशीरामला मिठीच मारली. तिकडे गोदाने डोळ्यांना पदर लावला.

दिग्दर्शकाने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरून मानसुद्धा वर केली नाही.

"शॉट ओके. काकांचे ओठ हलले तरी चालेल, या शॉटवर गाणं वाजणार आहे."