शेवटचा फर्मा

एकशे अठ्ठाविसाव्या पानावर कादंबरी थांबली होती, तीही अर्ध्या वाक्यात. 'नावाड्याने वल्हं आत घेतलं आणि' एवढंच. पुढे सरळ पुठ्ठा.

चौघी मैत्रिणींनी एकमेकींची तोंडं पाहिली. परीक्षा चार दिवसांवर आलेली. अभ्यासक्रमात ही कादंबरी कुणी घुसवली देव जाणे! बाजारात तिचं गाईड नाही, गाईड छापणाऱ्यांनीही तिला लांबूनच नमस्कार केलेला. इंटरनेटवर नाव टाकलं तर त्याच नावाचं एक लॉज निघालं, चोवीस तास गरम पाण्याच्या सोयीसह. मोठ्या मिनतवारीने ग्रंथालयात ही एकुलती एक प्रत मिळाली, तर तिलाही शेपूट नाही. आणि पंधरा गुणांचा प्रश्न दरवर्षी शेवटावरच येतो.

"मला माहितीये शेवट," डिंकी म्हणाली.

डिंकी हे तिचं कॉलेजातलं नाव. बाबा बाइंडर, घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे तिच्या वह्यापुस्तकांना कायम डिंकाचा वास. पहिली वीस पानं वाचतानाच तिच्या अंगावर काटा आला होता. ही तर बाबांची गोष्ट! आई नदीपलीकडे औषध आणायला जाते, मागे पूर येतो, आणि मुलगी रोज धक्क्यावर जाऊन बसते. डिंकी लहान असताना बाबा रोज संध्याकाळी स्टोव्हवर पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत ही गोष्ट थोडी थोडी सांगायचे. त्याच वर्षी तिची आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. चार वर्षांच्या पोरीला काय समजणार? तिला गोष्टीतल्या आईची काळजी. "मग आली का आई?" हे रोजचं टुमणं. आणि शेवटी एकदाची आली. होडीतून उतरली, लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "वेणी इतकी वाकडी कुणी घातली गं?" आणि सोडून पुन्हा घातली. इथे डिंकी खदखदून हसायची, कारण तिची वेणीही वाकडीच असायची. बाबा घालायचे ना!

तिने शेवट सांगितला, मैत्रिणींनी तो उतरवून घेतला, आणि दुपारपर्यंत त्याच्या झेरॉक्स वर्गभर झाल्या. एरवी वासावरून चिडवणारी पोरंही त्या दिवशी तिच्यासाठी बाकावर जागा धरून होती.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या मॅडमनी तो कागद वाचला आणि चष्मा काढला. कादंबरी त्यांनी स्वतः शिकत असताना वाचलेली. बाकीचं पुष्कळ विसरल्या होत्या, शेवट विसरल्या नव्हत्या. ती आई येत नाही, म्हणाल्या, आणि वेणीबिणी तर पुस्तकात कुठेच नाही. हे कुठून पैदा केलंस, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. वर्ग फिदीफिदी हसला. डिंकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच तणतणत ती दुकानात शिरली आणि पुस्तक बाबांच्या पुढ्यात आपटलं. ग्रंथालयाची पुस्तकं शिवायला त्यांच्याकडेच यायची. मॅडम काय म्हणाल्या ते बोलली नाही. याची शेवटची पानं कुठायत, एवढंच विचारलं.

बाबांनी पुस्तक उचललं, शिवणीवरून अंगठा फिरवला. आपला टाका माणूस ओळखतोच. ते उठले, आणि कटिंग मशीनच्या मागच्या कप्प्यातून तपकिरी कागदात गुंडाळलेली सोळा पानं काढली. शेवटचा फर्मा. पुस्तक असे सोळा-सोळा पानांचे फर्मे एकमेकांना शिवून तयार होतं. हा एक त्यांनी शिवलाच नव्हता.

मग हळूहळू सांगत गेले. त्या वर्षी ग्रंथालयाने ही प्रत शिवायला पाठवली होती. दिवसा वाचायची, संध्याकाळी लेकीला सांगायची. या फर्म्याचं पहिलं पान वाचलं आणि पुढचं सगळं दिसायला लागलं. तिथेच तो बाजूला ठेवला, आणि त्या संध्याकाळचा शेवट मनचाच सांगितला. बाइंडरने पान गाळणं म्हणजे धंद्याशी बेइमानी, हे त्यांना कळत होतं. उद्या नेऊन देऊ म्हणता म्हणता पंधरा वर्षं गेली.

"एकाही वाचकाची तक्रार नाही बघ," ते ओशाळून म्हणाले. "म्हणजे किती जण वाचतात!"

भांडायला आलेली डिंकी हसली. पुढचं कधी वाचलंत का, असं तिने विचारलं. छातीच झाली नाही, बाबा म्हणाले. परीक्षा तुझी आहे, तू वाच. पण मोठ्याने वाच.

ती वाचू लागली. बाबा ऐकता ऐकता एका पुठ्ठ्याला खळ लावत होते. सोळावं पान आलं. तिथे पाचच ओळी होत्या, आणि तिची नजर आवाजाच्या आधी शेवटच्या ओळीवर पोचली. होडी रिकामी होती. वर्गाला हे उद्या सांगावंच लागणार होतं. तिने मान वर केली. बाबांचे खळीने माखलेले हात तसेच थांबले होते, आणि ते तिच्याकडे बघत होते, चार वर्षांची डिंकी त्यांच्याकडे बघायची अगदी तसे.

तिने पुन्हा पानात डोकं घातलं.

"होडीतून आई उतरली," ती वाचू लागली. "लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, वेणी कुणी घातली गं? मलासुद्धा इतकी छान जमली नसती."

"असं लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"असंच लिहिलंय, बाबा."

पान बघायला त्यांनी मागितलं नाही. हात पुसले, सुईत दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली.

"हा फर्मा तूच शिव," ते म्हणाले. "मी बघत नाही."