एकाच स्पर्धकाची सोय

निळी रेघ वर होती. थोरलीनं चष्मा पुसला, मोबाइल खिडकीच्या उजेडात धरला आणि पुन्हा बघितलं. निळीच वर होती, नारिंगी खाली.

सोमवारी तिचं पार्लर बंद असायचं. तरी गेले तीन महिने दर सोमवारी सकाळी ती यायची, शटर आतून ओढून घ्यायची आणि गिऱ्हाइकांच्या फिरत्या खुर्चीत बसून राहायची. नऊच्या ठोक्याला एका ॲपचा रिपोर्ट ईमेलवर यायचा. एका बाजूला आपल्या पार्लरचं सोशल मीडियावरचं पान, दुसऱ्या बाजूला स्पर्धकाचं. कुणाचे फोटो किती जणांनी बघितले, किती जणांना आवडले, कोणत्या वारी, किती वाजता, सगळा हिशेब रेघांमध्ये मांडलेला. फुकटातल्या खात्यात एकाच स्पर्धकाची सोय होती. शहरात पार्लरं पन्नास. थोरलीनं क्षणभरही विचार न करता धाकट्या बहिणीच्या पार्लरचं नाव टाकलं होतं.

तेव्हापासून दर सोमवारी तिच्या पोटात दुखत होतं. बारा रिपोर्ट आले आणि बाराही वेळा धाकटीची नारिंगी रेघ वर. जिला कात्री कशी धरायची इथपासून आपण शिकवलं, तिचे फोटो हजारो लोक बघतात आणि आपले जेमतेम चारशे, हे काही केल्या गळी उतरत नव्हतं. स्पर्धक बुधवारी संध्याकाळी सातला फोटो टाकतो, असं रिपोर्टनं सांगितलं. थोरलीही बुधवारी सातला टाकू लागली. स्पर्धकाच्या फोटोत हसरे चेहरे असतात, असं त्यानं सांगितलं. थोरली गिऱ्हाइकाशेजारी उभी राहून हसली. तो फोटो बघून नवऱ्यानं काळजीनं विचारलं, "दाढ दुखतेय का?"

पण आज निळी वर होती. आपले नवे फॉलोअर एकवीस, स्पर्धकाचे दोन. थोरलीच्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. एवढा आनंद एकटीनं कसा पचवायचा? आणि जिला सांगण्यात खरी मजा, तिलाच तर काही कळू द्यायचं नव्हतं. न राहवून तिनं धाकटीला फोन लावला.

धाकटीचं पार्लर सोमवारीही चालू असायचं. मागून ड्रायरचा आवाज येत होता.

"काय चिमे, बरी आहेस ना?" आवाजात जमेल तेवढी काळजी ओतत थोरलीनं विचारलं. "नाही म्हटलं, आठवडाभर तुझं काही दिसलं नाही. गिऱ्हाईक कमी झालंय का हल्ली?"

"छे गं ताई, श्वास घ्यायला वेळ नाही. मी काही टाकलंच नाही या आठवड्यात."

"का बरं?"

ड्रायरचा आवाज लांब गेला. धाकटी बहुतेक आतल्या खोलीत आली होती.

"ताई, तुझा तो रिपोर्ट मलाही येतो."

थोरली फिरत्या खुर्चीतून ताडकन उठली.

"आपल्या दोघींच्या जुन्या पार्लरचा ईमेल दिलास ना तू तिथं? तो अजून माझ्या फोनवर आहे. रिपोर्ट पहिल्या सोमवारपासून येतोय."

घरात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून थोरलीनं मुद्दाम तो पडून राहिलेला ईमेल दिला होता. तो आणखी कुणाच्या फोनवर असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बारा आठवडे हिला सगळं माहीत होतं तर. ते चारशे, ते बुधवारचे सात, ते हसणं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं थोरलीला झालं.

"मला वाटलं, एकदा तरी तुझी रेघ वर जाऊ दे," धाकटी हळूच म्हणाली. "म्हणून या आठवड्यात गप्प बसले."

लहानपणी पळायच्या शर्यतीत थोरली मुद्दाम मागे राहायची आणि धाकटीला जिंकू द्यायची. धाकटी टाळ्या पिटत नाचायची आणि थोरलीला हसू आवरायचं नाही. ते आठवलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हरलेलं एक वेळ चाललं असतं. ही मेहेरबानी कुणी मागितली होती?

"आज संध्याकाळी फोटो टाकायचा," ती म्हणाली. कात्री शिकवताना लागायचा तोच आवाज लागला होता. "कळलं? तुझा सगळ्यात चांगला टाकायचा."

"चिडलीस तू."

"चिडू नको तर काय करू? आणि टाकण्याआधी मागची बाजू नीट बघत जा. मागच्या महिन्यात त्या तांबूस केसांचा टाकला होतास ना, त्यात एका बटेला रंगच लागला नव्हता. डाव्या कानामागे."



"नऊ हजार लोकांनी बघितला तो फोटो, ताई," धाकटी म्हणाली. "एकालाही दिसली नाही ती बट."

"मला दिसली," थोरली म्हणाली.