न पुसलेला कोयता

"आख्खी बोट करायची हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "पल्याडच्या भोईवस्तीवर. एकटाच हाय मी."

शेवगावच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यावर चार मोटारबोटी बांधलेल्या होत्या. तिघांनी सरळ मान हलवली. वस्तीवर आज सहलवाल्यांना न्यायचं नाही, असं ठरलं होतं. चौथा, हनुमंत भोई, बोटीच्या काठावर पाण्याकडे बघत बसला होता.

"कुठले तुमी?" त्यानं विचारलं.

"पाथर्डीकडचा."

हनुमंत उठून उभा राहिला. "बिभीषणबाबांचे कोन?"

"धाकटा भाऊ."

मग मात्र हनुमंतानं हात धरून त्याला बोटीत घेतलं. भाड्याचं विचारलं, तर कानाला हात लावले. "तुमच्याकडनं आज भाडं घिऊ व्हय? काय बोलता!"

गोरक्षनाथानं पिशवी मांडीवर ठेवली. तिच्यात टॉवेलात गुंडाळलेला ऊसतोडीचा कोयता होता. या कोयत्यानं त्यानं पंचवीस हंगाम ऊस तोडला होता. काल रात्रभर त्यानं त्याला दगडावर धार लावली. निघताना बायको, झुंबरबाई, एवढंच म्हणाली होती, "पुसू नका. तसाच आना. मला बघायचंय."

तिला बघायचं होतं, कारण आठ वर्षांपूर्वी तिनं दुसरंच काही बघितलं होतं. ऊसतोडीच्या फडात दोघा भावांची जुंपली. टोळीचा मुकादम कोण, यावरून. गोरक्षनाथानं बिभीषणच्या मुस्काटात दिली. बिभीषण रागानं ट्रॅक्टरवर चढला आणि गाडी मागं घेतली. मागं ओम उभा होता, एकोणीस वर्षांचा, गोरक्षनाथ आणि झुंबरबाईचा एकुलता एक. झुंबरबाईनं पोराला चाकाखालून दोन्ही हातांनी ओढून काढलं, तेव्हा त्याच्या छातीच्या जागी नुसता चिखल होता.

मुद्दाम केलं, हे कोर्टात ठरलं नाही. बिभीषण सुटला आणि परागंदा झाला. गोरक्षनाथानं त्याच्या मेहुण्याचे दोन दात पाडले, साडूचा हात पिरगाळून मोडला, पण पत्ता लागला नाही. आणि काल संध्याकाळी साळूबाई नावाच्या कुणा बाईचा आपण होऊन फोन आला. "तुमचे बंधू आमच्यात हायत. उद्या दुपारच्या आत या. तुमच्याशिवाय पुढचं काही व्हायचं न्हाई."

पुढचं म्हणजे काय, हे गोरक्षनाथानं विचारलं नाही. समेट करायचा असेल. करू म्हणावं.

बोट निम्म्या पाण्यावर आली.

"कसा हाय तो?" गोरक्षनाथानं विचारलं.

हनुमंतानं बोट जरा वळवून घेतली. मग म्हणाला, "पान्यावर असताना आमी तसलं बोलत न्हाई. आमच्यात रीत न्हाई. पोचल्यावर बगाच."

"मी येनार, ठावं हाय त्याला?"

"लई आठवन काढायचे तुमची. रोज काढायचे."

गोरक्षनाथ हसला. ओमची काढत होता का, विचारावंसं वाटलं. पण माणूस भोळा दिसत होता. त्याच्या तोंडाला कशाला लागायचं?

वस्ती आली. वीसेक झोपड्या. जाळी काठीवर वाळत होती, होड्या पालथ्या पडल्या होत्या. चुलीचा धूर कुठंच नव्हता. सगळी वस्ती एका झोपडीपुढं गोळा झाली होती आणि टाळांवर भजन चाललं होतं. झोपडीमागं ताज्या मातीचा ढीग होता. बाबाला पक्की खोली बांधून देताहेत वाटतं! करून करून भागला आणि देवपूजेला लागला, दुसरं काय. गोरक्षनाथाच्या मस्तकात तिडीक गेली.

"भाऊ आला," कुणीतरी म्हणालं. भजन थांबलं. लोकांनी वाट दिली.

एक म्हातारी पुढं आली. "मी साळूबाई. मीच फोन केल्ता." तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. "आधी पानी घ्या, मग—"

"पानी नगं. कुठं हाय?"

तिनं आत बोट दाखवलं.

बिभीषण भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता. अंगाला राख फासलेली, भगवी छाटी, कानात नाथपंथी कुंडलं, हनुवटीखाली जोग्याची लाकडी कुबडी. गळ्यात हारांवर हार. पायाशी बायका डोळे पुसत होत्या. दाढी पांढरी झाली होती, पण कपाळावरचा व्रण तोच. लहानपणी बोरी झोडताना गोरक्षनाथाचाच दगड लागला होता.

खुन्याच्या गळ्यात हार! गोरक्षनाथाला ओमच्या गळ्यातला हार आठवला. तिरडीवरचा.

"बिभ्या," तो म्हणाला. "डोळे उघड."

बिभीषणनं डोळे उघडले नाहीत. आठ वर्षांनी सख्खा भाऊ पुढं उभा, आणि या ढोंग्याला बघायचीही फुरसत नव्हती.

"माज्याकडं बघ! ओमचा बाप हाय मी!"

तो ढिम्म हलला नाही. गोरक्षनाथानं टॉवेल झटकला आणि उसाच्या बुडख्यावर घालावा तसा अंगातल्या सगळ्या बळानिशी कोयता त्याच्या मानेवर घातला. पातं हाडापर्यंत रुतलं. हार तुटले. बायका किंचाळत मागं सरल्या.

बिभीषण ओरडला नाही. त्याचे हातही वर आले नाहीत. तो बसल्या मांडीनं, लाकडाच्या ओंडक्यासारखा एका अंगावर कलंडला आणि पडल्यावरही त्याची मांडी सुटली नाही.

साळूबाईची मूठ उघडली. तिच्यातली ओली माती जमिनीवर सांडली.

"कालच गेले हो बाबा," ती पुटपुटली. "समाधीत पयली मूठ भावाच्या हातची पडू द्या म्हनलेले. म्हनून ठिवलं हुतं."

गोरक्षनाथानं दोन्ही हातांनी कोयता ओढून काढला आणि उजेडाकडे धरला. पुसण्यासारखं पात्यावर काहीच नव्हतं.