दोन गवंड्यांची भिंत

“त्याला सांग, वीट तिरकी बसलीय,” थोरला बायकोला म्हणाला.

“भावजी, वीट तिरकी बसलीय,” तिने शेजारीच उभ्या असलेल्या धाकट्याला सांगितलं.

“वहिनी, दादाला सांगा, वीट सरळ आहे. नजर तिरकी आहे.”

दोघे सख्खे भाऊ, दोघेही गवंडी. दोघांनी मिळून एका बेकरीचं धुराडं बांधलं. ते इतकं कललं, की धूर शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात शिरला आणि पांढऱ्या केसांनी आत गेलेली गिऱ्हाइकं काळ्या केसांनी बाहेर आली. न्हावी खूश झाला, बेकरीवाला नाही. चूक कुणाची, यावरून भावांचं बोलणं तुटलं. आता घराच्या मधोमध भिंत उभी राहत होती. दार आणि चुलीसकट पुढचा भाग थोरल्याचा. मागचा धाकट्याचा, त्याला बाहेरून नवं दार उद्या पाडायचं होतं. एकाचा दुसऱ्याच्या हातावर विश्वास नाही, म्हणून भिंत दोघांनी बांधायची. एक वीट याची, एक त्याची.

भिंत छातीपर्यंत आली. चुलीवर पातेलं रटरटत होतं. आईने कुठल्या बाजूला राहायचं, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

“पातेल्याचंही ठरवून टाका,” चुलीजवळ बसलेली आई म्हणाली. “करवत आणू?”

कुणी हसलं नाही. धाकटी सून तिच्याजवळ बसून कांदा चिरत होती. कांदा केव्हाच संपला होता, डोळ्यांचं पाणी चालू होतं. तिची पोरगी तिला चिकटून बसली होती.

दोघे भाऊ बापाच्या हाताखाली तयार झालेले. दोरी ताणली त्या बाजूला उभं राहायचं, वीट हातावर तोलायची, थापीने ठोकायची, पुढे सरकायचं. रागाने हात आणखी भराभर चालले. भिंत डोक्याच्या वर गेली, असं म्हणायचं, पण डोकी ताळ्यावर होती कुठे?

शेवटची वीट छताला भिडली. धाकट्याने फट लिंपली, थापी पुसली.

“ऊठ,” तो बायकोला म्हणाला. “पोरीला घे. आपल्या घरात चल.”

तिने पोरीला कडेवर घेतलं. भिंतीपर्यंत गेली. थांबली.

“कुठून?”

आईचा डाव पातेल्यातच राहिला. धाकट्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. सांधा न् सांधा चोख भरलेला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. दार त्याचं, चूल त्याची. त्याने नुसतं दाराकडे बोट केलं असतं, तरी सगळं संपलं असतं.

थोरला पुढे झाला. भिंतीवर थापीने टकटक केलं. कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग कितीतरी दिवसांनी थेट भावाशी बोलला.

“शेजारी सज्जन दिसतात रे. हूं की चूं नाही. बस जेवायला.”