सर्जेरावांचा कान

सर्जेरावांनी टाकीखालचा कॉक सोडला आणि लेकीची सहा महिन्यांची मेहनत कॅनमध्ये उतरवून घेतली. कॅन टेबलाखाली सरकवला. मग बरोबर आणलेलं चोख डिझेल टाकीत ओतलं, पाइपातली हवा काढली आणि हात पुसले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या वेळी कुणी नव्हतं. तनुजा ऑफिसात सह्या घ्यायला गेली होती.

इंजिन त्यांचंच. एका सिलिंडरचं, जुनं, मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दुकानातून उचलून इथं आणून बसवलेलं. तनुजा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पोरीनं सिल्लोड रोडच्या झाडांखाली करंजाच्या बिया वेचल्या, तेल काढलं, त्याचं इंधन केलं आणि डिझेलात शंभराला वीस मिसळलं. त्यावर आज परीक्षेत इंजिन तासभर चालवून दाखवायचं होतं. मध्येच बंद पडलं तर वर्ष वाया, आणि शेंद्र्याच्या कारखान्यातली ठरलेली नोकरीही गेली.

"करंज्या दिवाळीत खाव्यात गं, इंजिनात कशाला घालती?" असं ते घरी चिडवायचे. आतून मात्र त्यांनी धसका घेतला होता. तीस वर्षं डिझेलचे पंप दुरुस्त केलेला माणूस. कुणी रॉकेल मिसळायचं, कुणी स्वस्तातलं भलतंच काही ओतायचं, आणि जाम झालेला पंप सर्जेरावांपुढं आणून टाकायचं. डिझेलात दुसरं काही मिसळलं म्हणलं की त्यांचं डोकंच फिरायचं. आता पोटच्या पोरीचं चारचौघांत हसं होऊ द्यायचं? छे! लबाडी तर लबाडी. खाली कँटीनला जाऊन त्यांनी एकापाठोपाठ दोन चहा घेतले.

ते परत आले तेव्हा बाहेरगावचे परीक्षक सांडू सर येऊन बसले होते. तनुजानं हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. सर्जेरावांनी लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. असं ऐकून ते डिझेल फवारणाऱ्या नोझलमधला बारीकसा दोष सांगत. तासभर ठोका जरासुद्धा चुकला नाही. धूरही नेहमीपेक्षा कमीच. शेवटी चोख माल तो चोख माल, ते मनात म्हणाले.

सांडू सरांनी आकडे तपासले. मग सहज विचारलं, "तुम्ही जुने जाणते. तुमच्या कानाला कसं वाटलं?"

"साहेब, असं गोड चाललेलं इंजिन लई दिवसांत ऐकलं नाय," सर्जेराव म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

सरांनी ते शब्द लिहून घेतले आणि वर तनुजाला म्हणाले, "शाब्बास! करंजाच्या तेलानं जुन्या मेकॅनिकलाही जिंकलं म्हणायचं."

पोरगी लाजून हसली. ते हसू पाहून सर्जेरावांनी पेचकस खाली ठेवला. उद्या शेंद्र्यात कुणी हाच प्रयोग परत करून बघितला तर? लबाड कोण ठरेल? बाप नाही, तनुजा ठरेल. पोरीचं भलं करायला गेलो आणि तिच्याच पायावर धोंडा घातला!

"साहेब, ते खोडा," ते उठून म्हणाले. "तिचं तेल मी काढून घेतलं. टाकीत चोख डिझेल हाय. तिला यातलं काय बी ठाऊक नाय. पायजे तर मला हाकला, पण पोरीला पुन्हा परीक्षा देऊ द्या."

सांडू सरांचं पेन थांबलं. त्यांनी तनुजाकडं पाहिलं. तनुजानं बापाचा काळा, खरबरीत हात हातात घेतला.

"टाकीत काय हाय ते बघितल्याशिवाय हँडल मारायचं नाय, हे तुम्हीच शिकवलं ना, अण्णा? तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी डिझेल काढून माझं तेल परत भरलं. तुम्ही तासभर ऐकलंत ते करंजच होतं."