चाकांवरचा उपदेश

“मनात आणलं तर माणूस हिमालय चढतो!” दिगंबरमामांनी जाहीर केलं. मामा स्वतः लिफ्टने पहिल्या मजल्यावर आले होते आणि धापा टाकत माझ्या व्हीलचेअरमध्ये बसले होते.

मी पलंगावर होतो. मणक्याला मार लागल्यापासून कमरेखालचं मला काही कळत नाही. थकवा मात्र व्यवस्थित कळतो. शर्टाची बटणं लावली तरी दमायला होतं. गेले चार दिवस अंथरूण सोडायची इच्छाच नव्हती. आज ती झाली, म्हणून बायकोने दीड तास खपून मला आंघोळ घातली, कपडे चढवले. बाल्कनीत जाऊन बसायचं, एवढाच बेत होता. ही इच्छा फार वेळ टिकत नाही.

“डिप्रेशन हे आळसाचं इंग्रजी नाव आहे,” मामा खुर्चीची चाकं मागेपुढे करत म्हणाले. “आमच्या वेळी कुणाला होतं? पडून काय राहतोस? जिद्द धर, ऊठ!”

पाऊण तासात मामांनी ‘ऊठ’ अकरा वेळा म्हटलं आणि दोन चहा घेतले. बाल्कनीतलं ऊन कठड्यापर्यंत सरकलं.

“उठतो, मामा,” मी म्हणालो. “आधी तुम्ही उठता का?”