आधी काम, मंग सामान

“सामान नका लिवू, चाचा. आधी कामं लिवा,” सोजरबाई म्हणाली, आणि उस्मानचाचाची शिसपेन्सिल कागदावर तशीच थांबली.

मंगरूळपीरच्या बाजारात किराण्याचं दुकान चालवता चालवता चाचाची दाढी पांढरी झाली होती. लग्नाच्या याद्या त्यानं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. पण असलं काही ऐकलं नव्हतं.

“कामं लिहून मी काय विकू, बाई?”

“तुमी लिवा तर खरं. काम आठवलं का सामान आपोआप आठवते. नुसतं सामान आठवत बसलं, का अर्धं घरीच राह्यते.”

बाई इंझोरीहून भल्या पहाटे गाडी जुंपून आली होती. सोबत फक्त सोमला गाडीवान. वय चाळिशीच्या आतबाहेर, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं सरळ. घरात लगन हाये, पाच दिवसांनी हळद, पोरगी रिसोडकडची, एवढंच तिनं सांगितलं. बाकीचं चाचानं आपल्या मनानं जुळवून घेतलं. दुकानदाराला तेवढी सवय असतेच.

तसं पाहिलं तर याद्या आणायचे ते बाप्ये लोक. हातभर यादी आणि वर तीन हेलपाटे! गेल्या उन्हाळ्यात दौलतरावाच्या घरी पंगत बसली, आणि वरणात घालायला मीठच नाही. पाहुणे पत्रावळीवर हात ठेवून बसलेले, आणि दौलतरावाचा माणूस घोड्यावरून धापा टाकत चाचाच्या दारात. चाचानं तो किस्सा वर्षभर सांगितला होता.

“बरं, सांगा,” तो म्हणाला.

सोजरबाईनं डोळे मिटले. “पयलं काम, भिती पोतणं. लिवा, चुना न् नीळ. दुसरं, हळद कांडणं. हळकुंड अडीच शेर, किडकं नाही चालणार. तिसरं, गणपती मांडणं. सुपारी, खारका, बदाम. मंग वऱ्हाड निघते. गाड्या तीन. आखाले वंगण, कंदिलाले राकेल, बैलायले सरकी.”

बाई मनानं त्या लग्नातून चालतच होती. पहाटे कोण उठेल, उठून काय मागेल, आचारी कशावर अडून बसेल, म्हाताऱ्या कुठं रुसतील, सगळं तिच्या मिटल्या डोळ्यांपुढं घडत होतं. चाचा लिहीत गेला, तसं त्यालाही दिसू लागलं. एका यादीत अख्खं लग्न! अरे वा रे बाई!

मध्येच त्यानं मुद्दाम खोडी काढली. “सुपारी राह्यली, बाई.”

“गणपतीच्या कामात लिवली, चाचा. वरतून तिसऱ्या कामात.”

चाचानं पाहिलं. होती. आणि बाईला तर अक्षराची ओळख नव्हती.

“आता पोरगी घरात आली,” ती म्हणाली. आवाज जरा सावकाश झाला. “सोळा वर्साची हाये. अनवळखी घर, पयल्या राती रडन. तिच्या खोलीत एक लहान कंदील लागन. फणी, आरसा, खोबरेल तेल. न् गूळ-फुटाणे तिच्या उशाशी. नव्या पोरीले भूक लागली तरी ते मांगत नाही.”

चाचाची पेन्सिल रेंगाळली. त्याची लेक हुस्नाबानो लग्न होऊन गेली, तेव्हा पहिले दोन दिवस उपाशी निजली होती. हे त्याला तिनं चार वर्षांनी हसत हसत सांगितलं होतं, आणि त्याला काही हसू आलं नव्हतं.

“एवढं कोन पाह्यते, बाई?”

“मी नाही पाह्यलं तर कोन पाहीन? एक चीज कमी पडली, का लोकं म्हणतीन, हिनं जानूनबुजून ठेवली. मले ते ऐकाचं नाही, चाचा. काहीच कमी नाही पडलं पाह्यजे.”

चाचा मनापासून हसला. सासवा बिचाऱ्या फुकट बदनाम! “तुमच्या घरात पडली, नशीब काढलं त्या पोरीनं,” तो म्हणाला.

“मीठ लिवलं ना, चाचा?”

“लिवलं, बाई, लिवलं.”

सामान गाडीत चढलं. एकेक पोतं तिनं हातानं चाचपलं, खारकेचा पुडा उघडून पाहिला, एक कंदील काच तडकलेली म्हणून परत केला. चाचाला राग यायला हवा होता. त्याला उलट अभिमानच वाटत राहिला, जसा काही तिला त्यानंच शिकवला होता बाजार.

गाडी निघता निघता त्याला राहवलं नाही. फळीवरचा पितळी गडू त्यानं खाली काढला.

“बेटी, हा माझ्याकडून आहेर. नाही म्हणू नको. या उमरीत अशी यादी मी पयल्यांदा लिवली.” मग शेजारच्या ओट्यावर भांड्यांवर नावं घालत बसलेल्या जमशेदला हाक मारली. “जमशेद, हत्यार काढ! नवरदेवाचं नाव घालाचं हाये.”

जमशेदनं गडू मांडीत घेतला, छिन्नी टेकवली आणि वर पाहिलं. “बोला, बाई. नाव काय?”

सकाळपासून न अडखळता बोलणारी बाई पोत्याची बांधलेली गाठ उगाच परत आवळू लागली. जमशेद छिन्नी धरून बसला. बैलांनी दोनदा माना हलवल्या.

“नाव सोमलाले इचारा,” ती शेवटी म्हणाली. “मले घेता येत नाही.”

“घ्या आता!” चाचा हसला. “आपल्या लेकाचं नाव घ्याले कायची लाज, बेटी?”

सोजरबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मघाशी हळकुंड सांगितलं होतं, त्याच आवाजात म्हणाली,

“लेक असता, चाचा, तर हे लगन कायले झालं असतं?”